अँजिओप्लास्टीनंतरच्या कागदावर तीन आकडे आणि एक तारीख हवी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या पंधरवड्यात इंदूरच्या आमच्या राजेंद्रनगरात एक मजकूर मोबाइलवरून घरोघरी फिरला. अँजिओग्राफीच्या वेळी शरीरात सोडतात तो डाय किडनी निकामी करतो, तेव्हा हृदयविकाराचा झटका आला तरी अँजिओग्राफीला नाही म्हणा, असा त्याचा आशय होता. तो वाचून आमच्याच गल्लीतल्या एका गृहस्थांनी, ज्यांना मधुमेह आहे आणि चार पावले भरभर चालले की ज्यांची छाती भरून येते, ठरलेली तपासणी पुढे ढकलली. मी डॉक्टर नाही. एका रुग्णालयाच्या जीवरसायन प्रयोगशाळेत चौतीस वर्षे तंत्रज्ञ म्हणून काम करून मी निवृत्त झाले, आणि मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे सांगणारे रक्तातले क्रिएटिनिन मी किती हजार वेळा मोजले असेल याची मोजदाद मी ठेवलेली नाही. त्या मजकुरात सत्याचा एक कण आहे आणि त्या कणावर उभा केलेला सल्ला जिवावर बेतणारा आहे. या दोन गोष्टी वेगळ्या करून सांगाव्यात आणि त्याबरोबर शहरातल्या रुग्णालयांपुढे एक लहानशी मागणी ठेवावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे याची मला जाणीव आहे. जागेअभावी काटछाट करावीच लागली तर माझ्या दिरांची हकिकत कापावी, मागणी कापू नये.

डाय हा शब्द तसा फसवा आहे, कारण त्या द्रवाला रंगच नसतो. बाटलीत तो पाण्यासारखा स्वच्छ दिसतो आणि हलवून पाहिला तर थोडा दाट आहे एवढेच जाणवते. त्याच्या रेणूत आयोडीनचे अणू बांधलेले असतात आणि आयोडीन क्ष-किरणांना अडवते. त्यामुळे हृदयाच्या धमन्यांत तो सोडला की त्या पडद्यावर काळ्या फांद्यांसारख्या उमटतात, आणि फांदी जिथे मध्येच तुटलेली दिसते तिथे अडथळा आहे हे डॉक्टरांना कळते. हृदयाच्या धमनीत नेमका डाय सोडून चित्र घेण्याची सुरुवात 1958 साली अमेरिकेत क्लीव्हलंड येथे मेसन सोन्स यांच्या हातून झाली, तीही चुकून. आणि 1977 साली झुरिचला आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी फुग्याच्या साहाय्याने हृदयाची धमनी पहिल्यांदा रुंद केली, तीच अँजिओप्लास्टी. तेव्हापासून फुगे सुधारले, धमनी उघडी ठेवणाऱ्या जाळ्या म्हणजे स्टेंट आले, ते औषधाचा लेप घेऊन आले, पण डायवाचून हे काम नेहमीसाठी चालवता येईल अशी सोय अजून झालेली नाही.

हा द्रव शरीरात मोडत नाही. जसा शिरला तसाच तो जवळजवळ सगळा लघवीवाटे बाहेर पडतो. मूत्रपिंडे धड असतील तर सुमारे दोन तासांत निम्मा आणि चोवीस तासांत जवळपास संपूर्ण. मूत्रपिंडांची अडचण अशी की शरीराच्या वजनात त्यांचा वाटा जेमतेम अर्धा टक्का असला तरी हृदयाने फेकलेल्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा त्यांच्याकडे येतो, आणि एवढे रक्त दारात येऊनही त्यांचा आतला गाभा मात्र कायम ऑक्सिजनच्या टंचाईतच जगत असतो. मोठ्या वाड्याच्या मागच्या खोलीत कुणा आश्रिताची चूल कशीबशी पेटावी, तसा हा प्रकार आहे. डाय तिथे पोहोचला की गाभ्यातल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, दाट द्रव सूक्ष्म नलिकांतून रेंगाळत पुढे सरकतो, आणि नलिकांच्या अस्तरातल्या पेशींना त्याची थेट झळही लागते. जुन्या काळातले डाय रक्ताच्या पाच-सहा पट तीव्र असत. आता वापरतात त्यांना 'लो ऑस्मोलर' म्हणतात, पण रक्ताची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे त्यात विरघळलेल्या कणांची तीव्रता, 290 च्या आसपास असताना यांची 600 ते 850 असते. म्हणजे हे 'लो' जुन्यांच्या मानाने, रक्ताच्या मानाने नव्हे. रक्ताच्या बरोबरीचा आयोडिक्सॅनॉल नावाचा डायही मिळतो, तो महाग पडतो.

हे सगळे ठरवून केलेल्या अँजिओग्राफीलाही लागू आहे, मग झटक्याच्या रुग्णाची गोष्ट वेगळी का? कारण तिथे सवडच नसते. ठरवून येणाऱ्या माणसाचे रक्त आदल्या दिवशी तपासता येते, त्याच्या गोळ्या थांबवता येतात, सलाईन लावता येते. झटक्यात धमनी पूर्ण बंद झालेली असते आणि दर मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो. रुग्ण दारात आल्यापासून 90 मिनिटांच्या आत धमनी उघडावी हे जगभर मानले गेलेले लक्ष्य आहे. आमच्या प्रयोगशाळेत रात्री अडीच-तीनला असा नमुना यायचा, आणि यंत्रातून क्रिएटिनिनचा आकडा बाहेर पडेपर्यंत खालून निरोप आलेला असायचा की स्टेंट बसलासुद्धा. यात कुणाचा दोष नाही, तेच योग्य आहे. पण याचा अर्थ असा की मूत्रपिंडे कशी आहेत हे ठाऊक नसतानाच डाय द्यावा लागतो. त्यातून हृदयाचा पंप मंदावलेला, रक्तदाब खाली, मूत्रपिंडांना मिळणारे रक्त आधीच तुटपुंजे. अडथळा किचकट असला तर डाय दीडशे-दोनशे मिलिलिटरपर्यंत सहज जातो. आणि भरवशाचा म्हणून जो सलाईनचा उपाय, तोही इथे हात राखून करावा लागतो, कारण दुबळ्या हृदयाला जास्त पाणी झेपले नाही तर ते फुप्फुसांत साचते.

धोका किती, हे सांगायला 2004 साली मिलान येथून प्रसिद्ध झालेला एक अभ्यास अजूनही दाखला म्हणून पुढे केला जातो. झटका आल्यावर तातडीची अँजिओप्लास्टी झालेल्या 208 रुग्णांपैकी 40 जणांच्या, म्हणजे 19 टक्क्यांच्या, मूत्रपिंडांना इजा झाली होती. इजा झालेल्यांपैकी 31 टक्के रुग्णालयातच दगावले आणि न झालेल्यांपैकी 0.6 टक्के. हे आकडे पाहून कुणाच्याही पोटात गोळा येईल, आणि मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरात असेच आकडे अर्धवट उचललेले असतात. पण ते वाचायचे कसे हे समजून घेतले पाहिजे. ज्यांची किडनी बिघडली ते रुग्ण मुळातच जास्त वयाचे, मोठ्या झटक्याचे, उशिरा पोहोचलेले होते. मूत्रपिंडाची इजा ही त्यांच्या मृत्यूचे एकमेव कारण नव्हती; पुष्कळदा ती हृदय किती खचले आहे याची खूण होती. पुढच्या काळात तर असेही दिसले की झटका आलेल्या पण डाय मुळीच न मिळालेल्या रुग्णांतही मूत्रपिंडाची इजा बऱ्याच प्रमाणात आढळते, आणि म्हणून आता तज्ज्ञ 'डायमुळे झालेली इजा' असे न म्हणता 'डायनंतर दिसलेली इजा' असे सावधपणे म्हणू लागले आहेत. माझ्या मते हा शब्दांचा खेळ नाही. झटक्याने खचलेल्या मूत्रपिंडाचे खापर एकट्या डायवर फोडले, की माणसे डाय नाकारतात आणि झटक्याला सामोरी जातात. मग हृदयही जाते आणि त्याच्या पाठोपाठ किडनीही.

आता दिरांची हकिकत. माझे थोरले दीर 71 वर्षांचे, सोळा वर्षांचा मधुमेह. गेल्या मे महिन्यात देवासला लग्न होते. माळव्यातले ऊन, मांडवातली गर्दी, जेवणाची आबाळ, आणि परत आल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे छातीत कळ. पुतण्याने वेळ न घालवता रुग्णालयात नेले, ईसीजीत झटका स्पष्ट दिसला, आणि तासाभरात डाव्या मुख्य शाखेत स्टेंट बसला. त्या डॉक्टरांचे उपकार आम्ही विसरणार नाही. डाय देण्याआधी घेतलेल्या रक्तात क्रिएटिनिन 1.3 निघाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तपासले, ते 1.5 होते. तिसऱ्या दिवशी घरी पाठवले. डिस्चार्जच्या कागदावर स्टेंटचा क्रमांक असलेला स्टिकर होता, गोळ्यांची यादी होती, तेलकट व नमकीन खाऊ नका असे छापलेले होते (इंदूरच्या माणसाला हे सांगणे किती व्यर्थ आहे ते लिहिणाऱ्यालाही ठाऊक असावे), आणि पुढची भेट पंधरा दिवसांनी. क्रिएटिनिनचा उल्लेख कुठेही नव्हता.

दोन दिवस पडून राहिल्याने त्यांची कंबर धरली होती. घरात डायक्लोफिनॅकच्या जुन्या गोळ्या होत्या. जाऊबाईंनी प्रेमाने त्या सकाळ-संध्याकाळ दिल्या. पाचव्या दिवशी पायांवर सूज दिसली, लघवी उतरेनाशी झाली, आणि तोंडाची चव गेली म्हणून ते जेवेनात. मी रक्त काढून माझ्या जुन्या प्रयोगशाळेत नेले. क्रिएटिनिन 3.6 होते. पुन्हा दाखल करावे लागले. सातव्या दिवशी ते 4.1 वर जाऊन थांबले आणि मग सावकाश उतरू लागले. डायलिसिसची वेळ आली नाही. पाच आठवड्यांनी आकडा 1.6 वर स्थिरावला, आधीच्या 1.3 वर मात्र तो परत गेला नाही.

या सगळ्याचा दोष मी एकट्या रुग्णालयावर टाकणार नाही, कारण 1.3 आणि 1.5 हे दोन्ही आकडे असलेले कागद माझ्याही हातात होते. जन्मभर ज्या द्रव्याचे आकडे मी लिहीत आले, तोच आकडा चोवीस तासांच्या आत 0.2 ने चढलेला मी पाहिला, आणि स्टेंट नीट बसल्याच्या आनंदात तो कागद घडी करून पिशवीत ठेवला.

इथे क्रिएटिनिनविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण सगळी मेख त्यातच आहे. स्नायूंच्या रोजच्या कामातून हे टाकाऊ द्रव्य ठरावीक प्रमाणात तयार होते आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. जुन्या पद्धतीत रक्तद्रवात पिवळे पिक्रिक आम्ल आणि अल्कली मिसळली की क्रिएटिनिन जितके जास्त तितका गडद नारिंगी रंग येई. 1886 साली जाफे यांनी दाखवलेली ती प्रक्रिया आजही अनेक यंत्रांच्या पोटात चालू आहे. हे द्रव्य मोजायला सोपे आणि स्वस्त आहे, पण खबर द्यायला फार आळशी. मोरीचे तोंड बुजले तरी पाणी उंबऱ्यापर्यंत यायला वेळ लागतो, तसे मूत्रपिंडाचे काम आज मंदावले तरी रक्तातले क्रिएटिनिन लगेच वाढत नाही. डायनंतर ते चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत चढू लागते, सामान्यतः तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत वर जाते, आणि पुढच्या आठवड्याभरात उतरू लागते. 2012 पासून जगभर वापरल्या जाणाऱ्या निकषानुसार 48 तासांत 0.3 किंवा त्याहून अधिक वाढ, अथवा सात दिवसांत मूळ आकड्याच्या दीडपट वाढ, म्हणजे मूत्रपिंडाची तीव्र इजा. दिरांचे 1.5 या निकषात बसत नव्हते, कारण ते फार लवकर मोजले गेले होते.

आता दुसरीकडे पाहा. अँजिओप्लास्टी निर्विघ्न पार पडली तर आजकाल रुग्णाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी सोडतात. हृदयाच्या दृष्टीने त्यात काही गैर नाही, उलट पलंग दुसऱ्या गरजू रुग्णाला मिळतो. पण याचा परिणाम असा की ज्या दिवशी क्रिएटिनिन सर्वांत वर असण्याचा संभव, त्या दिवशी रुग्ण घरी असतो. खरगोन, बडवानी किंवा खंडव्याकडून आलेला असेल तर आणखी दूर, आपल्या गावी. त्याला कुणी सांगितलेले नसते की अजून एक तपासणी राहिली आहे.

'नॉर्मल' या शब्दानेही मोठा घोटाळा होतो. क्रिएटिनिन 1.2 आले की घरचे म्हणतात, रिपोर्ट नॉर्मल आहे. पण ते कुणाचे 1.2? तीस वर्षांच्या पुरुषाचे असेल तर त्यावरून काढलेला मूत्रपिंडांच्या गाळण्याचा अंदाज, ज्याला ईजीएफआर म्हणतात, 83 च्या आसपास येतो. 72 वर्षांच्या पुरुषाचा 64 च्या आसपास. आणि 72 वर्षांच्या बाईचा जेमतेम 48, कारण तिच्या अंगात स्नायू कमी, म्हणून क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होते. ते कमी तयार होऊनही 1.2 वर आले आहे याचा अर्थ ते बाहेर पडत नाही. आमच्या पिढीतल्या किती बारीक अंगाच्या बायका अशा 'नॉर्मल' आकड्यावर कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफीच्या खोलीत, जात असतील याचा विचार मी निवृत्तीनंतर अधिक करू लागले आहे. 2004 साली न्यूयॉर्कच्या रोक्साना मेहरान आणि सहकाऱ्यांनी या धोक्याचे गुणांकन तयार केले. त्यात मधुमेह, 75 च्या वरचे वय, खाली गेलेला रक्तदाब आणि दुबळे हृदय यांबरोबर रक्तक्षयालाही गुण आहेत, आणि डायच्या दर 100 मिलिलिटरला एक गुण आहे. रक्तक्षयाचे नाव त्या यादीत पाहून मला आश्चर्य वाटले नाही.

तर मागणी अशी. झटक्यानंतर अँजिओग्राफी किंवा अँजिओप्लास्टी झालेल्या प्रत्येक रुग्णाच्या डिस्चार्जच्या कागदावर तीन आकडे लिहावेत: डाय देण्यापूर्वीचे क्रिएटिनिन, दिलेला डाय किती मिलिलिटर, आणि घरी जातानाचे क्रिएटिनिन. त्यांच्याखाली एक तारीख लिहावी, डायपासून तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आतली, ज्या दिवशी रुग्णाने पुन्हा रक्त तपासून घ्यायचे. यासाठी नवे यंत्र नको, नवा माणूस नको. डायचा आकडा कॅथलॅबच्या नोंदीत असतोच. बिलात तर त्याच्या बाटल्या रुपयांसकट मोजलेल्या असतात. मात्र शरीरात किती गेला हे रुग्णाच्या कागदावर येत नाही. 2017 साली सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली तेव्हापासून स्टेंटचा हिशेब प्रत्येक नातेवाईक डोळ्यांत तेल घालून तपासतो, आणि डायविषयी कुणी एक प्रश्न विचारत नाही. पुढची तपासणी शक्यतो त्याच प्रयोगशाळेत करावी, असेही त्या तारखेपुढे लिहिले तर उत्तम, कारण दोन प्रयोगशाळांच्या पद्धतींतला किरकोळ फरक कधी खोटी भीती देतो, कधी खोटा दिलासा. गावी परतणाऱ्याला हे जमणार नाही, त्याने जिल्हा रुग्णालयात तपासावे. ही तपासणी तिथेही होते आणि खाजगीतही ती शे-दोनशे रुपयांच्या घरातली आहे.

त्या मधल्या दिवसांत घरात काय सांभाळायचे, हेही कागदावर दोन ओळींत यायला हवे. सर्वांत आधी वेदनाशामके. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक या गोळ्या मूत्रपिंडांकडे जाणारे रक्त कमी करतात, आणि झटक्यानंतर त्या हृदयालाही अपायकारक आहेत. आपल्याकडे त्या औषधाच्या दुकानात भेळपुरीसारख्या मिळतात, म्हणून त्यांचे नाव घेऊनच मनाई लिहिली पाहिजे. दुखलेच तर काय घ्यायचे हे डॉक्टरांनाच विचारावे. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनची गोष्ट निराळी आहे. ती गोळी मूत्रपिंड बिघडवत नाही, पण मूत्रपिंड बिघडले तर ती शरीरात साचते आणि रक्तात लॅक्टिक आम्ल वाढण्याचा धोका असतो. म्हणून मूत्रपिंडे आधीच अशक्त असलेल्यांत किंवा धमनीतून डाय दिलेल्यांत ती 48 तास थांबवून, क्रिएटिनिन पाहून मगच पुन्हा सुरू करण्याची रीत आहे. ही गोळी कधी सुरू करायची हे न सांगता नुसती थांबवली, तर महिनाभर साखर मोकाट सुटलेली मी पाहिली आहे. आणि पाणी. 'डाय धुऊन निघावा म्हणून भरपूर पाणी प्या' हा सल्ला शेजारीपाजारी सगळेच देतात. पंप चांगला असलेल्याला, विशेषतः एप्रिल-मेच्या आमच्या उन्हात, तो बहुधा मानवेल. पण ज्याच्या हृदयाची ताकद झटक्याने निम्म्यावर आली आहे त्याला दिवसाला तीन-चार लिटर पाजले तर रात्री त्याला आडवे होता येणार नाही. दिवसाला किती, हा आकडा डॉक्टरांकडूनच लिहून घ्यावा. रक्तदाबाच्या आणि लघवीच्या गोळ्याही भीतीपोटी आपल्या मनाने बंद करू नयेत.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख करते, कारण तिच्यावर पुष्कळांचे पैसे खर्च होतात आणि त्याहून वाईट म्हणजे त्यावर विसंबून ते तपासणी टाळतात. ॲसिटिलसिस्टीन नावाची, पाण्यात विरघळणारी गोळी किडनीच्या संरक्षणासाठी म्हणून लिहून दिली जाते. 2000 साली 83 रुग्णांच्या एका लहान अभ्यासात ती उपयोगी दिसली आणि जगभर तिची चलती झाली. पुढे 2011 साली ब्राझीलमध्ये 2,308 रुग्णांवर पाहिले, तेव्हा गोळी घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोन्ही गटांत इजेचे प्रमाण सारखेच, 12.7 टक्के, निघाले. त्यानंतर सुमारे पाच हजार रुग्णांचा आणखी मोठा अभ्यास झाला, त्यातही या गोळीचा फायदा दिसला नाही, आणि साध्या सलाईनऐवजी सोडियम बायकार्बोनेट दिल्यानेही काही वेगळे घडले नाही. म्हणजे इतक्या वर्षांच्या खटपटीनंतर हाताशी उरले आहे ते साधेच: डाय शक्य तितका कमी वापरणे, इकोतून, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीतून, जे कळते त्यासाठी पुन्हा डाय न सोडणे, रुग्ण स्थिर असेल तर दुसऱ्या धमनीचे काम काही दिवसांनी करणे, हृदयाला झेपेल तेवढेच सलाईन देणे, आणि नंतर मोजणे. यातले पहिले चार डॉक्टरांच्या हातात आहेत आणि आपल्या शहरातले अनुभवी डॉक्टर ते करतातही. पाचवे कुणाच्याच हातात नेमके पडलेले नाही.

आयुष्मान भारत योजनेत डिस्चार्जनंतर 15 दिवसांपर्यंतची औषधे आणि तपासण्या समाविष्ट आहेत, आणि ऑक्टोबर 2024 पासून 70 किंवा त्याहून अधिक वयाच्या प्रत्येकाला उत्पन्न न पाहता या योजनेत घेतले गेले आहे. म्हणजे ज्या वयाच्या माणसांना हा धोका सर्वाधिक, त्यांच्या या तपासणीचा खर्च नियमाने योजनेतच बसतो. आमच्या दिरांजवळ ते कार्ड होते. चौथ्या-पाचव्या दिवशी येऊन रक्त देऊन जा, असे एखाद्या वाक्यात सांगितले असते तर पुतण्या त्यांना स्कूटरवरून नव्हे, खांद्यावरून घेऊन गेला असता.

आमच्या गल्लीतल्या गृहस्थांकडे मी परवा संध्याकाळी जाऊन आले. त्यांना मी अँजिओग्राफी करा असे सांगितले नाही, तो माझा अधिकार नाही. त्यांच्या डॉक्टरांना पुन्हा भेटा आणि जाताना गेल्या दोन वर्षांतले क्रिएटिनिनचे सगळे कागद बरोबर न्या एवढे सांगितले. झटका येण्याआधी, ठरवून, रक्त तपासून आणि तयारीनिशी केलेली अँजिओग्राफी ही मूत्रपिंडांच्या दृष्टीनेही झटक्यानंतरच्या धावपळीतल्या अँजिओग्राफीपेक्षा पुष्कळ बरी, हे मात्र मी आवर्जून म्हटले. कागद शोधताना त्यांना तीनच सापडले, त्यातला एक 2023 चा, 1.4 चा, ज्यावर कुणीतरी पेनने 'ठीक' असे लिहिलेले होते. सोमवारी ते डॉक्टरांकडे जाणार आहेत.

आपल्या दैनिकाचे वाचक इंदुरात आहेत तसे देवास, उज्जैन, धारलाही आहेत, आणि शहरातल्या डॉक्टरांच्या टेबलावरही आपला अंक असतो. एखाद्या रुग्णालयाने असे तीन आकडे आणि तारीख लिहायला आधीच सुरुवात केली असेल तर त्यांनी तसे आपल्या या स्तंभातून कळवावे, म्हणजे इतरांना त्यांचा नमुना मागवता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
राजेंद्रनगर, इंदूर